आधी संशोधनप्रश्न, मग नमुनासंख्या: आरोग्यविषयक अभ्यास करणाऱ्या ग्राहकांसाठी माहितीपत्रक

अभ्यासाची आखणी, नमुनासंख्येचा हिशेब आणि सांख्यिकीय विश्लेषण यांसाठी आमच्याकडे येणारे डॉक्टर, परिचारिका आणि पदव्युत्तर विद्यार्थी यांच्यासाठी हे पत्रक आहे. पहिल्याच भेटीत बहुतेक जण 'किती रुग्ण घ्यावे लागतील?' असे विचारतात आणि त्यावर आम्ही संशोधनप्रश्न एका वाक्यात लिहून मागतो. यात अडवणुकीचा हेतू नसतो. प्रश्न ठरल्याशिवाय तो आकडा काढताच येत नाही.

'मधुमेह आणि व्यायाम' हा केवळ विषय झाला. 'व्यायामाने मधुमेह आटोक्यात येतो का?' हे वाक्य प्रश्नासारखे दिसते खरे, पण रुग्ण कोणते, व्यायाम कोणता, तुलना कोणाशी आणि 'आटोक्यात' म्हणजे नेमके काय, हे सारे त्यात मोघमच राहते. तोच प्रश्न असा लिहून पाहावा: 'टाइप २ मधुमेहासाठी केवळ गोळ्या घेणाऱ्या ४० ते ६० वयाच्या रुग्णांनी नेहमीच्या उपचारांना जोडून आठवड्यातून पाच दिवस रोज ३० मिनिटे भरभर चालण्याचा व्यायाम केला, तर फक्त नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या तुलनेत १२ आठवड्यांनंतर त्यांचे एचबीए१सी किती कमी होते?' वाक्य लांबले, पण कोणाला अभ्यासात घ्यायचे आणि कोणती तपासणी केव्हा करायची, हे आता कोणी विचारायला नको. १२ आठवडेही उगीच निवडलेले नाहीत: एचबीए१सी साधारण मागील दोन ते तीन महिन्यांतील साखरेची सरासरी पातळी दाखवते, त्यामुळे चार आठवड्यांनी केलेल्या मोजणीत व्यायामाचा पूर्ण परिणाम उमटणार नाही.

रुग्णगट, उपाय, तुलना आणि निष्पत्ती (म्हणजे शेवटी मोजायचा परिणाम) या चार घटकांच्या मांडणीला त्यांच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून 'पिको' म्हणतात. जोखीम शोधणाऱ्या अभ्यासात उपायाच्या जागी संपर्क, म्हणजे जोखमीच्या गोष्टीशी आलेला संबंध, येतो, कारण धूम्रपानासारखी गोष्ट संशोधक कोणाला करायला लावू शकत नाही. एखाद्या आजाराचे प्रमाण मोजायचे असेल तर तुलनागट लागतोच असे नाही, आणि रुग्णांचे अनुभव समजून घेणाऱ्या गुणात्मक अभ्यासाला ही चौकट बळेच बसवू नये, असे आमचे मत आहे.

सर्वाधिक गफलत निष्पत्ती निवडताना होते, कारण जे सहज मोजता येते तेच मोजण्याकडे कल असतो. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या रुग्णांमध्ये अनियमित ठोके थांबवणारी औषधे मृत्यू टाळतील, असे १९८० च्या दशकात अनेकांनी गृहीत धरले होते. 'कास्ट' या चाचणीत थेट मृत्यूच मोजले, तेव्हा १९८९ मध्ये असे दिसले की एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड ठोके आटोक्यात आणत असली, तरी ती घेणाऱ्यांमध्ये प्लासिबो (औषध नसलेली, फक्त तशी दिसणारी गोळी) घेणाऱ्यांपेक्षा जास्त मृत्यू होत होते. ठोक्यांपुरताच प्रश्न विचारला असता, तर ही औषधे यशस्वी ठरली असती.

मुख्य निष्पत्ती एकच ठेवावी आणि ती माहिती गोळा करण्यापूर्वी प्रोटोकॉलमध्ये, म्हणजे अभ्यासाच्या लेखी आराखड्यात, लिहावी, हा आमचा आग्रह असतो. हातात आलेल्या आकड्यांचे गटांमागून गट पाडत गेले की कुठे ना कुठे फरक सापडतोच. १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'आयसिस-२' चाचणीत हृदयविकाराच्या झटक्याचा संशय असलेले १७,१८७ रुग्ण होते आणि ॲस्पिरिनचा फायदा एकूण निष्कर्षांत स्पष्ट दिसत होता. तरीही राशींनुसार गट पाडल्यावर मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांना ॲस्पिरिन किंचित अपायकारक असल्याचे दिसले. गटवार विश्लेषण किती फसवे असू शकते, हे दाखवण्यासाठीच संशोधकांनी ते मुद्दाम छापले होते.

नमुनासंख्या काढताना आम्ही विचारतो, की किती फरक पडला तर उपचार बदलणे तुम्हाला योग्य वाटेल. याचे उत्तर वैद्यकीय अनुभवातून यायला हवे, सांख्यिकी ते देत नाही. सरासरींची तुलना करताना जो फरक टिपायचा तो निम्मा केला, तर रुग्ण सुमारे चौपट लागतात. तेवढे रुग्ण मिळणार नसतील, तर प्रश्न आताच बदलावा. नीतिमत्ता समितीची मंजुरी मिळाल्यानंतर बदल करायचा झाल्यास पुन्हा तिच्याकडे जावे लागते.

पहिल्या भेटीला येताना एका वाक्यात लिहिलेला प्रश्न, त्या विषयावरील दोन-तीन आधीचे शोधनिबंध आणि तुमच्याकडे वर्षभरात असे किती रुग्ण येतात याचा नोंदवहीतून काढलेला आकडा सोबत आणावा. प्रश्न अर्धवट असला तरी चालेल, तो आपण एकत्र बसून नीट करू. माहिती भरलेली एक्सेल फाइल मात्र त्या दिवशी नको.