ब्रॅकिस्टोक्रोन: दोन भावांच्या चुरशीतला एक शब्द

शब्दकोशात एक शब्द शोधताना शेजारच्याच अनोळखी शब्दावर नजर खिळावी आणि मूळ काम तसेच राहावे, हा आनंद ज्यांनी घेतला आहे त्यांना ‘ब्रॅकिस्टोक्रोन’ हा शब्द आवडेल. ग्रीकमध्ये ‘ब्राखिस्टोस’ म्हणजे सर्वांत लहान आणि ‘ख्रोनोस’ म्हणजे काळ. वरच्या बिंदूपासून तिरक्या रेषेत खाली असलेल्या दुसऱ्या बिंदूपर्यंत एखादा मणी घर्षणाशिवाय, केवळ गुरुत्वाकर्षणाने घसरत जाणार असेल, तर कोणत्या वाटेने तो सर्वांत लवकर पोहोचेल, असा प्रश्न योहान बर्नुली यांनी जून १६९६ मध्ये युरोपातील गणितज्ञांपुढे ठेवला.

सरळ रेषा सर्वांत आखूड खरी, पण सर्वांत जलद नव्हे. सुरुवातीचा उतार तीव्र असला की मण्याला वेग लवकर मिळतो आणि तो पुढच्या साऱ्या वाटेवर कामी येतो. मात्र वाट फार खोल नेली तर अंतरच वाढते. गॅलिलिओंना वर्तुळाचा कंस हे उत्तर वाटले होते. खरे उत्तर आहे चक्रज. सायकलच्या चाकाच्या कडेला खडूचा ठिपका काढून ती सपाट रस्त्यावर सरळ चालवली, तर तो ठिपका हवेत ज्या कमानी रेखतो, त्यांतली एक उलटी केली की ही वाट दिसते. दुसरा बिंदू आडव्या दिशेने बराच दूर असेल, तर ही वाट त्याच्याही खाली उतरून पुन्हा वर चढते आणि तरीही सर्वांत जलद ठरते. या विषयातली सर्वांत विलक्षण गोष्ट मला हीच वाटते.

उत्तर देणाऱ्यांत न्यूटन आणि लायब्निझ होते, तसेच योहान यांचे बारा वर्षांनी मोठे बंधू याकोबही होते. स्वित्झर्लंडमधील बाझेलच्या या भावांनी लायब्निझचे कलन, म्हणजे सतत बदलणाऱ्या राशींचे गणित, एकत्र अभ्यासले होते. ‘इंटिग्रल’ (असंख्य सूक्ष्म भागांची बेरीज) हा त्यातला शब्द गणिती अर्थाने छापील लेखनात प्रथम आला तो याकोब यांच्या १६९० च्या लेखात. पुढे मात्र दोघांमध्ये कडवट स्पर्धा सुरू झाली. प्रकाश नेहमी सर्वांत कमी वेळाची वाट धरतो, म्हणून योहान यांनी कमी-अधिक दाट थरांमधून वाकत जाणाऱ्या प्रकाशकिरणाचा दाखला घेऊन सुंदर उत्तर काढले. याकोब यांची पद्धत किचकट होती, पण संख्येऐवजी अख्खा वक्रच शोधणाऱ्या गणिताच्या नव्या शाखेची वाट तिनेच दाखवली.

याच चक्रजाला ‘टॉटोक्रोन’ असेही नाव आहे. ‘टॉटो’ म्हणजे तोच. उलट्या चक्रजावर मणी कोठूनही सोडला तरी तळाशी पोहोचायला त्याला तेवढाच वेळ लागतो, हे डच शास्त्रज्ञ हायगेन्स यांनी आधीच सिद्ध केले होते. आपला वक्रही तोच निघालेला पाहून योहान स्वतः थक्क झाले होते.