आठ, पंधरा, सोळा

आत्याला कोलेस्टेरॉलची गोळी सुरू झाली. रात्री जेवणानंतर एक. आठवडाभरात तिच्या पिंढऱ्या ओढायला लागल्या, मांड्या भरून यायला लागल्या, जिना चढताना कठडा धरावा लागायला लागला. तिने गोळी बंद केली आणि चार दिवसांत पाय मोकळे झाले. तिच्या लेखी विषय तिथेच संपला. घेतली की दुखतं, सोडली की थांबतं, याहून वेगळा पुरावा तो काय हवा? घरातलं कुणीतरी म्हणालं, "तुझ्या मनाचे खेळ आहेत." ते तिला फार लागलं. पाय तिचे दुखले होते, बोलणाऱ्याचे नव्हे.

आत्याचा तर्क चुकीचा वाटत नाही. डॉक्टरही रोज असाच विचार करतात. पण या तर्काची कसून परीक्षा घेणारा एक प्रयोग झाला आहे आणि त्याचा निकाल मला अजूनही थक्क करतो.

प्रयोगाचं नाव सॅमसन. तो लंडनच्या इम्पिरियल कॉलेजमधल्या हृदयरोगतज्ज्ञांनी केला आणि त्याचे निष्कर्ष नोव्हेंबर 2020मध्ये प्रसिद्ध झाले. त्यांनी 60 माणसं निवडली. सगळी आत्यासारखीच, म्हणजे स्टॅटिन (कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या गोळ्यांचा एक गट) सुरू केल्यावर दोन आठवड्यांच्या आत त्रास झाला म्हणून गोळी सोडून दिलेली. प्रत्येकाला 12 बाटल्या दिल्या, दर महिन्याला एक उघडायची. 4 बाटल्यांत अ‍ॅटोर्वास्टॅटिनच्या 20 मिलिग्रॅमच्या गोळ्या होत्या. 4 बाटल्यांत दिसायला तशाच, पण औषध नसलेल्या गोळ्या, म्हणजे प्लासिबो. उरलेल्या 4 बाटल्या चक्क रिकाम्या, त्या महिन्यात काहीच घ्यायचं नाही. क्रम प्रत्येकाचा वेगळा. गोळ्यांची बाटली हातात असेल तेव्हा तिच्यात औषध आहे की नाही हे कुणालाच ठाऊक नव्हतं. आज किती त्रास झाला याचा आकडा रोज फोनवर 0 ते 100मध्ये नोंदवायचा. त्रास अगदीच असह्य झाला, तर त्या महिन्यापुरती गोळी थांबवायची मुभा होती.

वर्षभराच्या नोंदींची सरासरी काढली. रिकाम्या बाटलीच्या महिन्यांत 8.0, स्टॅटिनच्या महिन्यांत 16.3. म्हणजे गोळ्या घेताना त्रास दुप्पट होत होता. आत्या खोटं बोलत नव्हती. पण औषध नसलेल्या गोळ्यांच्या महिन्यांचा आकडा निघाला 15.4. स्टॅटिनच्या महिन्यांत जो जादा त्रास झाला, त्यातला सुमारे 90 टक्के त्रास निव्वळ गोळी घेतल्यानेही होत होता, मग त्या गोळीत औषध असो वा नसो.

यातलं पहिलं 8 महत्त्वाचं आहे, कारण काहीही न घेता माणूस शून्यावर नसतो. पन्नाशी-साठीतल्या शरीरात काही ना काही दुखतच असतं. झोप कमी झालेली असते, गव्हाचं पोतं उचललेलं असतं, पावसाळी हवेत गुडघे धरलेले असतात. एरवी आपण त्याची नोंद ठेवत नाही. नवी गोळी सुरू झाली की ठेवायला लागतो.

सॅमसनमधली आणखी एक गोष्ट थेट आत्याच्या युक्तिवादाला जाऊन भिडते. त्रास कधी वाढला आणि कधी कमी झाला हे संशोधकांनी दिवसागणिक तपासलं. गोळी सुरू केल्यावर त्रास चढायचा आणि थांबवल्यावर उतरायचा, अगदी तिने सांगितलं तसाच. पण हा चढउतार स्टॅटिनलाही होता आणि प्लासिबोलाही, जवळपास सारखाच. याचा अर्थ "सोडली आणि बरं वाटलं" ही खरी घटना असली, तरी दोषी औषधच आहे हे तिच्यावरून सिद्ध होत नाही. एकट्या माणसाला स्वतःच्या अनुभवावरून हे कळायला काही वाटच नसते. त्यासाठी दुसरी बाटली लागते.

अपाय होईल या अपेक्षेनेच प्रत्यक्ष त्रास होणं, याला नोसिबो म्हणतात. प्लासिबो या लॅटिन शब्दाचा अर्थ 'मी सुखवीन', तर नोसिबोचा 'मी अपाय करीन'. आता कुणी म्हणेल, म्हणजे मनाचे खेळच की! मला हे मुळीच पटत नाही. इटलीतल्या तुरीन शहरातले मेंदूशास्त्रज्ञ फाब्रित्सिओ बेनेदेत्ती यांनी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णांवर एक अभ्यास केला होता, तो 1997मध्ये प्रसिद्ध झाला. दुखणं वाढेल असं सांगितल्यावर रुग्णांचं दुखणं खरोखर वाढत होतं. पण कोलेसिस्टोकायनिन या शरीरातल्याच रसायनाचा परिणाम अडवणारं औषध दिल्यावर ती वाढ थांबली. काळजी आणि वेदना यांच्यामध्ये रसायनांची साखळी आहे, आणि ती साखळी शरीरातच आहे. नोसिबोने दुखणारी पिंढरी दुखतच असते. फक्त तिचं कारण गोळीतल्या औषधात नसतं.

एवढा खटाटोप एका गोळीसाठी का, हे थोडक्यात सांगतो. आपलं यकृत स्वतःच कोलेस्टेरॉल बनवतं आणि त्यासाठी लागणारं एक विकर (एन्झाइम) स्टॅटिन अडवतं. मग यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल जास्त प्रमाणात ओढून घेतं. जपानच्या अकिरा एंडो यांनी हजारो बुरशा चाळून 1973मध्ये असं पहिलं रसायन शोधलं. पुढे 1994मध्ये उत्तर युरोपातल्या 4,444 हृदयरुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. साधारण साडेपाच वर्षांत प्लासिबो घेणाऱ्यांपैकी 256 जण दगावले आणि सिम्वास्टॅटिन घेणाऱ्यांपैकी 182. दोन्ही गट जवळजवळ सारख्याच संख्येचे होते. ज्याला एकदा हृदयविकाराचा झटका येऊन गेला आहे, त्याने गोळी सोडली तर काय पणाला लागतं, ते या दोन आकड्यांत आहे.

आता दुसरी बाजू, कारण सगळा दोष नोसिबोवर ढकलून मोकळं होणं तितकंच चुकीचं ठरेल. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांच्या गटाने 2022मध्ये 19 चाचण्यांतल्या 1,23,940 लोकांची माहिती एकत्र केली. चार-साडेचार वर्षांत स्टॅटिन घेणाऱ्यांपैकी 27.1 टक्क्यांनी स्नायूंचं दुखणं किंवा अशक्तपणा सांगितला, आणि प्लासिबो घेणाऱ्यांपैकी 26.6 टक्क्यांनी. फरक अगदी थोडा, पण आहे, आणि तो मुख्यतः पहिल्या वर्षातला. त्या वर्षात दर हजार माणसांमागे साधारण 11 जणांना स्टॅटिनमुळे जादा त्रास झाला. म्हणजे त्या वर्षी स्टॅटिन घेऊन तक्रार करणाऱ्या दर 15 जणांपैकी एकाचं दुखणं खरोखर औषधाचं होतं. तो एक जण कोण, हे तपासावंच लागतं. स्नायूंना इजा झाली की रक्तात वाढणाऱ्या सीके या विकराची चाचणी, डोस कमी करणं, दुसरं स्टॅटिन देऊन पाहणं, हे मार्ग त्यासाठीच आहेत.

दुखत नाही म्हणून जाणवत नाही, असाही एक परिणाम आहे. स्टॅटिनमुळे मधुमेह होण्याची शक्यता किंचित वाढते. 91,140 लोकांवरच्या 13 चाचण्या 2010मध्ये एकत्र पाहिल्या, तेव्हा ही वाढ 9 टक्के निघाली. म्हणजे 255 लोकांनी चार वर्षं गोळी घेतली, तर मधुमेहाचा एक रुग्ण जादा. आपल्याकडे घरोघरी मधुमेह असताना हा आकडा रुग्णाला सांगितला जायला हवा असं मला वाटतं, आणि सोबत 256 व 182 हेही आकडे सांगायला हवेत. रोसुवास्टॅटिन आशियाई वंशाच्या लोकांच्या रक्तात जास्त प्रमाणात चढतं, म्हणून अमेरिकेत अशा रुग्णांना 5 मिलिग्रॅमपासून सुरुवात करायला सांगितलेलं आहे.

आणि एक स्टॅटिन तर बाजारातून काढूनच घ्यावं लागलं, सेरिव्हास्टॅटिन. त्याने काही रुग्णांचे स्नायू अक्षरशः विरघळत होते. स्नायूंच्या पेशींतले घटक रक्तात उतरून मूत्रपिंडं बंद पडत होती आणि माणसं मरत होती. ऑगस्ट 2001मध्ये ते मागे घेण्यात आलं. हा धोका उघड झाला तो औषध बाजारात आल्यानंतर पुढे आलेल्या एकेका रुग्णाच्या नोंदींतून. त्या तक्रारी "मनाचं आहे" म्हणून कचऱ्यात गेल्या असत्या, तर आणखी किती बळी गेले असते याची कल्पनाही करवत नाही.

पण नोंदींचा आकडा स्वतः होऊन कारण सांगत नाही. न्यूझीलंडमध्ये थायरॉइडच्या एका जुन्या गोळीचा कारखाना 2007मध्ये बदलला आणि तिचा पिवळा रंग जाऊन ती पांढरी झाली. मूळ औषध तेच होतं. आधीच्या 30 वर्षांत त्या गोळीच्या दुष्परिणामांच्या 14 तक्रारी आल्या होत्या. नंतरच्या दीड वर्षात 1,400हून जास्त आल्या. वर्तमानपत्रं आणि टीव्हीवर बातम्या झळकल्या, तसा तक्रारींचा ओघ वाढत गेला. आपल्या व्हॉट्सॲपवर कोलेस्टेरॉलच्या गोळीबद्दल जे फिरत असतं, ते वाचून झोपलेल्या माणसाचे पाय सकाळी दुखले, तर त्यात त्याचा काय दोष?

म्हणून तक्रार नोंदवणं आणि कारण ठरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. पहिलं काम आपल्यातल्या कुणालाही करता येतं. भारतात त्यासाठी 2010पासून औषध सुरक्षा निरीक्षणाचा राष्ट्रीय कार्यक्रम आहे आणि आता त्याचं केंद्र गाझियाबादच्या भारतीय फार्माकोपिया आयोगात आहे. 1800-180-3024 या निःशुल्क क्रमांकावर रुग्ण स्वतः दुष्परिणाम कळवू शकतो. अशा नोंदींतूनच खरे इशारे निघतात. पाळीच्या दुखण्यावर सर्रास घेतल्या जाणाऱ्या मेफेनॅमिक ॲसिडबद्दलचा इशारा आयोगाने नोव्हेंबर 2023मध्ये असाच दिला होता. क्वचित कुणाला त्याने अंगावर पुरळ, ताप आणि आतल्या अवयवांना इजा अशी गंभीर ॲलर्जी होते.

सॅमसनमधल्या माणसांकडे परत येतो. वर्ष संपल्यावर संशोधकांनी प्रत्येकाला त्याचाच आलेख दाखवला. कुठला महिना औषधाचा, कुठला प्लासिबोचा, कुठला रिकामा, आणि त्या त्या दिवशी त्याने स्वतःच्या हाताने काय आकडा टाकला होता. कुणी त्यांना व्याख्यान दिलं नाही, मनाचे खेळ वगैरे म्हटलं नाही. सहा महिन्यांनी चौकशी केली, तेव्हा 60पैकी 30 जण पुन्हा स्टॅटिन घेत होते.

आत्याला मी 8.0, 15.4 आणि 16.3 हे तीन आकडे कागदावर लिहून दाखवले. ती बराच वेळ 15.4वर बोट ठेवून बसली होती. मग म्हणाली, "म्हणजे त्यांचेही पाय दुखलेच ना?" मी म्हटलं, हो, दुखलेच.