इनुक्तितुत लिपी कीबोर्डवर आली कशी

कॅनडाच्या आर्क्टिक भागातली इनुक्तितुत भाषा आज विंडोजवर लिहायची तर सेटिंगमधल्या यादीतून ती निवडायची, कीबोर्ड जोडायचा, की झालं. हे इतकं सोपं व्हायला बराच काळ गेला. मधल्या काळात यंत्रापायी लिपीलाच कात्री लागली.

ही लिपी मुळात कॅनडातल्याच क्री या आदिवासी भाषेची. जेम्स इव्हान्स या मिशनऱ्याने १८४० मध्ये कॅनडातल्या नॉर्वे हाउस इथे ती बसवली आणि चहाच्या पेट्यांतल्या शिशाचे खिळे ओतून छपाई केली. लघुलिपीबरोबर आपल्या देवनागरीचाही त्याच्या अक्षरांवर प्रभाव आहे, असं अभ्यासक मानतात. पुढे एडमंड पेक या मिशनऱ्याने ती इनुक्तितुत बोलणाऱ्या इनुइट लोकांच्या वस्त्यांमध्ये रुजवली. इथे स्वरासाठी मात्रा लागत नाही, अक्षरच फिरतं. पाचरीसारख्या खुणेचं टोक वर असेल तर पि, उजवीकडे पु, डावीकडे पा आणि खाली पाइ.

१९७६ मध्ये प्रमाणलेखन ठरलं तेव्हा 'आइ'ची ही सगळी रांग वगळली गेली. टाइपरायटरच्या अक्षरगोळ्यावर, म्हणजे सगळी अक्षरं कोरलेल्या फिरत्या गोळ्यावर, तेवढी चिन्हं मावत नव्हती, म्हणून! उत्तर क्वेबेकमधल्या नुनाविक या इनुइट भागाने ती पुढे परत आणली, हे फार चांगलं झालं.

संगणक आले तसे नुनाकॉम, प्रोसिल असे फॉन्ट निघाले. त्यांत इंग्रजी अक्षरांच्याच जागी हे आकार बसवलेले. फॉन्ट नसलेल्या मशीनवर फाइल उघडली की 'नुनावुत' या शब्दाच्या जागी छोटा के, मोठा एन, मोठा के आणि पाचाचा आकडा दिसे. शिवाजी किंवा श्रीलिपी फॉन्टमधला जुना मजकूर ज्यांनी युनिकोडमध्ये (प्रत्येक अक्षराला जगभर एकच ठरावीक कोड देणाऱ्या पद्धतीत) आणलाय, त्यांना हा त्रास वेगळा सांगायला नको.

१ एप्रिल १९९९ रोजी कॅनडाचा नुनावुत हा नवा प्रदेश अस्तित्वात आला. त्याच वर्षी युनिकोड ३.० मध्ये या लिपीला स्वतःचे कोड मिळाले. नुनावुत सरकारने पिगिआर्निक हा युनिकोड फॉन्ट करवून घेतला, तर विंडोज व्हिस्टाबरोबर युफेमिया हा फॉन्ट आला. नाकित्ताउत कीबोर्डमध्ये जुन्या फॉन्टमधल्या कळांच्या जागा कायम ठेवल्या, त्यामुळे टाइप करणाऱ्यांच्या बोटांना बसलेली सवय मोडावी लागली नाही.

नात्तिलिक या इनुइट बोलीची काही अक्षरं मात्र २०२१ मध्ये, युनिकोड १४.० मध्येच आली. तोवर तिथल्या लोकांना आपल्या बोलीतले सगळे शब्द नीट लिहिता येत नव्हते. जुन्या फॉन्टमध्ये या अक्षरांच्या जागी अजूनही रिकामे चौकोन दिसतात, म्हणून या बोलीसाठी कीबोर्डच्या आधी नवा फॉन्ट बसवावा लागतो.