दिव्यांग धोरण ठरवताना समन्याय आणि समावेशन

देशाचं दिव्यांग धोरण बनवताना समन्याय म्हणजे सगळ्यांना सारखं वाटून देणं नाही, ज्याची जी अडचण त्याप्रमाणे सोय करणं. आणि समावेशन म्हणजे ती सोय ठरवायला जे बसतात त्यांच्यात दिव्यांग माणूस स्वतः असणं, आणि तिथे जे चाललंय ते त्याला कळणं.

हे समजायला ठाणे स्टेशनवर उभं राहिलं तरी पुरे. लोकलचा दिव्यांग डबा तिघांसाठी तोच, पण अंध प्रवाशाला तो नेमका कुठे थांबणार हे प्लॅटफॉर्मवरच्या बीपच्या आवाजावरून कळतं, कर्णबधिर माणसाला त्या आवाजाचा काहीच उपयोग नाही, त्याला इंडिकेटर लागतो, आणि व्हीलचेअरवाल्याला आवाज, इंडिकेटर दोन्ही मिळालं तरी डबा आणि प्लॅटफॉर्ममधली फट तशीच राहते. एकाला विचारून तिघांसाठी धोरण बनत नाही ते असं.

भारताचं पहिलं राष्ट्रीय धोरण २००६ चं. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी दिव्यांगांच्या हक्कांचा करार स्वीकारला आणि भारताने १ ऑक्टोबर २००७ ला त्याला मान्यता दिली, म्हणजे धोरण आधी आणि करार नंतर असं झालं. मग दिव्यांग हक्क कायदा २०१६ आला, १९ एप्रिल २०१७ पासून लागू झाला, अपंगत्वाचे प्रकार ७ वरून २१ झाले, सरकारी नोकरीतलं आरक्षण ३ वरून ४ टक्के झालं. जुनं धोरण या सगळ्याच्या मागे पडलं होतं म्हणून जून २०२२ मध्ये नव्या धोरणाचा मसुदा काढून लोकांकडून सूचना मागवल्या.

पण सूचना देतं कोण? २०११ च्या जनगणनेत २.६८ कोटी दिव्यांग नोंदले गेले, लोकसंख्येच्या २.२१ टक्के, त्यातले जवळपास ६९ टक्के खेड्यात राहणारे आणि सुमारे ४४ टक्के बायका. तेव्हा प्रकार विचारले होते फक्त ८, त्यामुळे ऑटिझम, थॅलेसेमिया, ॲसिड हल्ल्यात जखमी झालेले यांचा वेगळा आकडाच त्यात नाही, आणि आकडा नसला की बजेटमध्ये कोणी आठवण काढत नाही. २०१६ च्या कायद्याच्या कलम ६० मध्ये केंद्रीय सल्लागार मंडळावर, म्हणजे दिव्यांगांबाबत सरकारला सल्ला देणाऱ्या मंडळावर, संस्था-संघटनांचे १० प्रतिनिधी आहेत, ते शक्यतो दिव्यांगच असावेत, त्यात किमान ५ महिला, अनुसूचित जातीची एक आणि जमातीची एक व्यक्ती हवीच असं लिहिलंय. तरतूद चांगली आहे, मला खटकतो तो ‘शक्यतो’ हा शब्द.

माझी मावसबहीण कर्णबधिर आहे, कळव्याला राहते. मागे ठाण्यात दिव्यांग योजनांवर सूचना घ्यायला एका कार्यालयाने मीटिंग ठेवली होती, तिला मुद्दाम बोलावलं, पण साइन लँग्वेजचा दुभाषी नव्हता. बोलणारे साहेब स्क्रीनकडे तोंड करून बोलत होते त्यामुळे तिला ओठही दिसेनात, दोन तास ती नुसती बसून होती. शेवटी तिने मोबाईलवर टाईप करून दाखवलं, ‘दुभाषी द्या, मग माझं म्हणणं सांगते’. तिची हजेरीच्या कागदावर सही मात्र घेतली गेली. मला अजून राग येतो त्याचा. दुभाषी, ब्रेल, स्क्रीन रीडर (मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारं सॉफ्टवेअर) वाचू शकेल अशी फाईल, बौद्धिक अक्षमता असलेल्यांसाठी सोप्या मराठीतला मजकूर, एवढं आधी केल्याशिवाय सूचना मागवल्या असं म्हणूच नये.

शहराच्या पातळीवर करण्यासारखं खूप आहे. नवी मुंबई महापालिकेचं वाशीतलं ईटीसी केंद्र दिव्यांग मुलांना शिक्षण, प्रशिक्षण आणि थेरपी एकाच जागी देतं, आईबापांना चार ठिकाणी फिरावं लागत नाही. धोरण लिहिणाऱ्यांनी तिथल्या पालकांशी एक दिवस बोलावं, खरंच.

कोर्टाचे दोन निकाल इथे महत्त्वाचे. फेब्रुवारी २०२१ मध्ये विकास कुमार प्रकरणात सुप्रीम कोर्टाने सांगितलं की परीक्षेला लेखनिक मिळायला ४० टक्के अपंगत्वाची अट घालता येणार नाही, लिहिताना अडचण आहे ना, मग सोय द्या. आणि ८ नोव्हेंबर २०२४ ला राजीव रतुरी प्रकरणात म्हटलं की सुगम्यतेचे, म्हणजे इमारती, वाहनं, वेबसाइट दिव्यांगांना वापरता याव्यात यासाठीचे नियम नुसत्या शिफारशी ठेवून चालणार नाही, बंधनकारक हवेत, आणि केंद्राने ते ३ महिन्यांत दिव्यांग प्रतिनिधींशी चर्चा करून बनवावेत.