किरणोत्सारी पदार्थाने दूषित शेतजमीन: अर्ज कोणी, कोठे आणि कसा करावा

वावरात, नाल्याकाठी किंवा भंगाराच्या ढिगात किरणोत्सारी वस्तू असल्याचा संशय आल्यास अर्ज लिहिण्याआधी ११२ क्रमांकावर आणि पोलीस पाटलांना कळवावे. तीन पात्यांचे (किरणोत्साराच्या धोक्याचे) चिन्ह असलेल्या डब्याला कोणीही हात लावू नये. दिल्लीच्या मायापुरीत २०१० मध्ये लिलावात विकलेल्या जुन्या उपकरणातील कोबाल्ट-६० हा किरणोत्सारी पदार्थ भंगारवाल्यांच्या हाती पडला आणि एका कामगाराचा जीव गेला.

लेखी अर्ज तहसीलदारांमार्फत जिल्हाधिकाऱ्यांच्या नावे करावा, कारण आपत्ती व्यवस्थापन कायदा, २००५ नुसार जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष तेच असतात. मुंबईच्या अणुऊर्जा नियामक मंडळाला कळवून तज्ज्ञांकडून तपासणी करून घ्यावी, ही मागणी त्यात स्पष्ट लिहावी. दूषित स्थळांबाबतचे २०२५ चे केंद्रीय नियम किरणोत्सारी कचऱ्याला लागू नाहीत, म्हणून केवळ प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे अर्ज देऊन वाट पाहत बसू नये.

अर्ज खातेदार, सहहिस्सेदार किंवा वनहक्क पट्टाधारक यांनी करावा. मक्त्याने कसणाऱ्याने मालकाचे संमतीपत्र जोडावे आणि गायरान असल्यास ग्रामपंचायतीने ठरावासह अर्ज द्यावा. सोबत सातबारा, आठ-अ, गट नकाशा, आधार आणि पोलिसांत दिलेल्या तक्रारीची प्रत असावी. माझ्या मते सर्वांत मोलाचा कागद पंचनामा आहे: वस्तू कोणत्या धुऱ्याजवळ दिसली, तिला कोणी हलवले, पावसाचे पाणी तेथून कोणाच्या शेतात उतरते, हे सारे त्यात नोंदवून घ्यावे.

तपासणी होईपर्यंत नांगरणी, वखरणी आणि ओलीत पूर्ण थांबवावे. सीझियम-१३७ हे किरणोत्सारी द्रव्य चिकणमातीच्या कणांना घट्ट धरून बहुधा वरच्या काही सेंटिमीटरांतच राहते, म्हणूनच जपानमध्ये फुकुशिमाच्या अणुवीज केंद्रातील दुर्घटनेनंतर अनेक शेतांचा सुमारे पाच सेंटिमीटरचा वरचा थर खरवडून काढता आला. तेच वावर एकदा खोल नांगरले की दूषित माती खाली मिसळते आणि काढावयाच्या मातीचे प्रमाण कितीतरी वाढते. या पदार्थाचे अर्धायुष्य, म्हणजे त्याचे प्रमाण निम्मे होण्यास लागणारा काळ, सुमारे ३० वर्षे असल्याने जमीन नुसती पडीत ठेवूनही भागत नाही. कापूस-सोयाबीनचा हंगाम हातचा जाताना पाहणे फार जड असते, हे मान्य करूनही ही अट पाळावीच लागेल.

काढलेली माती खड्ड्यात पुरू नये वा बांधावर टाकू नये. ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच हलवली जावी. सफाईनंतर फेरमोजणीचा अहवाल मागावा. सामान्य नागरिकासाठी नैसर्गिक किरणोत्साराव्यतिरिक्त वर्षाला १ मिलिसिव्हर्ट (शरीराला मिळणारी किरणोत्साराची मात्रा मोजण्याचे एकक) ही मर्यादा आहे. पुन्हा पेरणी करता येईल की नाही, हे अहवालात लेखी नमूद करून घ्यावे आणि त्याची सही-शिक्क्याची प्रत सातबाऱ्यासोबत जपून ठेवावी.