पिंजर, कलप आणि पारा : प्रसाधनांच्या कायद्याची पार्श्वभूमी

गोव्यात ज्याला आपण पिंजर म्हणतो, ते कुंकू मुळात हळदीचे. हळदीवर चुन्यासारख्या अल्कलीची प्रक्रिया झाली की तिचा पिवळा रंग लाल होतो, आणि पूर्वी घरोघरी एवढ्याच ज्ञानावर कुंकू तयार होत असे. बाजारातील स्वस्त कुंकवात मात्र कृत्रिम रंग शिरले आणि त्यांतील काही रंगांमुळे कपाळावर खाज, पुरळ व काळपट डाग उमटल्याच्या नोंदी भारतीय त्वचारोगतज्ज्ञांनी केल्या. चिकटवायच्या टिकलीच्या गोंदातील पॅरा-टर्शरी-ब्युटाइलफिनॉल या रसायनाने तर टिकलीच्या जागी कोडासारखा पांढरा डाग पडतो. शेंदूर हे शिशाचे संयुग आणि हिंगूळ पाऱ्याचे. त्यामुळे जुने ते सारे निर्धोक, ही समजूतही खरी नाही.

प्रसाधनांवरील कायदे बहुधा इजा झाल्यानंतरच आले आहेत. अमेरिकेत १९३३ च्या सुमारास पापण्या रंगवण्याच्या ‘लॅश ल्यूर’ या उत्पादनाने काही स्त्रियांची दृष्टी गेली. त्यात पॅरा-फेनिलिनडायअमाइन हे रसायन होते. १९३८ मध्ये तेथे प्रसाधने कायद्याच्या कक्षेत आली, पण इशारा छापण्याच्या अटीवर डांबरजन्य, म्हणजे याच प्रकारच्या रसायनांच्या, केशकलपांना सवलत मिळाली. तेच रसायन आजही अनेक काळ्या कलपांत आहे. आपल्याकडील कलपाच्या वेष्टनावर आधी त्वचेवर चाचणी घ्या, पापण्या व भुवया रंगवू नका, अंधत्व येऊ शकते, असा इशारा इंग्रजीसह स्थानिक भाषेतही देण्याचे बंधन नियमांनी घातले, त्यामागे हीच कहाणी आहे. हा मजकूर इतका बारीक छापला जातो की ज्यांच्यासाठी तो आहे त्या वयस्कर माणसांना तो वाचता येत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

भारतात १९४० चा कायदा आरंभी केवळ औषधांपुरता होता. १९६२ च्या दुरुस्तीने त्यात प्रसाधनांचा समावेश झाला. गोवा नुकताच, १९ डिसेंबर १९६१ रोजी, मुक्त झाला होता, म्हणजे हा कायदा पुढे येथे लागू झाला तेव्हा भारतातील इतर प्रदेशांनाही त्यातील प्रसाधनांचा भाग नवाच होता. साबण मात्र १९८२ पर्यंत प्रसाधनाच्या व्याख्येबाहेर राहिला. रंगासाठी शिसे व आर्सेनिकची संयुगे वापरण्यास बंदी आली, आणि प्रसाधनांतील कृत्रिम रंगांत शिसे दशलक्ष भागांत २० व आर्सेनिक २ भागांपेक्षा अधिक नसावे, अशी मर्यादा ठरली.

पाऱ्याचा प्रश्न अधिक गंभीर आहे. पारा त्वचेत मेलॅनिन हे रंगद्रव्य तयार होण्याच्या क्रियेत अडथळा आणतो, म्हणून तो रंग उजळवणाऱ्या क्रीममध्ये घातला जातो. तो त्वचेतून शरीरात जातो आणि मूत्रपिंडाला इजा करतो. केरळमधील मलप्पुरम जिल्ह्यात २०२३ मध्ये अशा क्रीम वापरणाऱ्यांमध्ये मूत्रपिंडाचा विकार डॉक्टरांच्या लक्षात आला. २०२० च्या प्रसाधन नियमांनुसार डोळ्यांभोवतीच्या उत्पादनांत पारा दशलक्ष भागांत ७० आणि इतरांत, तोही नकळत आलेला, केवळ १ भाग चालतो. पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने २०१८ मध्ये मान्यता दिली. तरीही गोरेपणाची आस समाजात असेतोवर अशा क्रीमला गिऱ्हाईक मिळत राहील, असे माझे स्पष्ट मत आहे.

आयात प्रसाधनांची नोंदणी केंद्राकडे, तर उत्पादनाचे परवाने व बाजारातील तपासणी राज्याकडे आहे. गोव्यात हे काम अन्न व औषध प्रशासन पाहते. नमुना सदोष ठरला तर तो कोणाचा आणि कोणत्या खेपेचा, हे वेष्टनावरील उत्पादकाचे नाव व बॅच क्रमांक सांगतो. जत्रेच्या फेरीत कागदाच्या पुडीत बांधून मिळणाऱ्या सुट्या पिंजरीवर यातले काहीच नसते.