टापास म्हणजे निव्वळ मांसाहार नव्हे

छत्रपती संभाजीनगरच्या एखाद्या हॉटेलात मेन्यूवर ‘स्पॅनिश टापास’ दिसलं, की माळकरी घरातली मंडळी पान उलटतात. ‘ते सगळं डुकराचं नाहीतर मासळीचं असतं’ हा समज आपल्याकडं घट्ट बसलाय. तो चुकीचा आहे, आणि त्यापायी चांगलं खायचं राहून जातं याचं मला वाईट वाटतं.

मुळात टापास हा एक पदार्थच नाही. पेयासोबत थोडं थोडं खायच्या त्या छोट्या प्लेटी. हॅम (डुकराचं मांस), कोळंबी त्यात असतातच, पण स्पेनमधल्या सेव्हिल शहराची ओळख असलेली एक प्लेट पालक आणि काबुली हरभऱ्याची आहे. ऑलिव्ह तेलात लसूण, जिरं, लाल मिरचीची पूड. दाटपणासाठी तळलेला पाव वाटून घालतात. आपल्या पालकाच्या पातळ भाजीची सख्खी बहीणच! भाजलेल्या पावावर टोमॅटो चोळून केलेला कॅटलोनियाचा ‘पान कोन तोमाते’, गॅलिसियातल्या पाद्रोनच्या तळलेल्या हिरव्या मिरच्या (बहुतेक सौम्य, एखादी झणझणीत), मुरवलेले ऑलिव्ह हेही टापासच.

सावध राहायचं ते नावावरून शाकाहारी वाटणाऱ्या पदार्थांपासून. बटाट्याच्या ‘तोर्तिया’त अंडं असतं. ‘क्रोकेता’ कटलेटसारखी दिसते, पण आत बऱ्याचदा हॅम निघतो. बटाट्याच्या ‘रशियन सॅलड’मध्ये अंड्याचं मेयोनीज आणि बहुधा ट्यूना मासा असतो. ‘पातातास ब्राव्हास’ तळलेल्या बटाट्याचे असले, तरी त्यांचा सॉस कधीकधी मांसाच्या रश्शात करतात. ऑर्डर देण्याआधी एवढं विचारून घ्या.